काळ्या घोड्याची बरकत

सीएसएमटी ते जहांगीर, एका शनिवारात. इमारती सगळेच दाखवतात, आपण दुकानं बघूया!

शुक्रवारची संध्याकाळ. बॉस निघून गेलेला, शेवटच्या मेलला रिप्लाय टाकून झालेला आणि शेजारच्या क्युबिकलमधून नेहमीचा प्रश्न येतो, 'मग, वीकेण्डला काय?' मॉल झाला. मल्टिप्लेक्स झालं. लोणावळ्याच्या ट्रॅफिकमध्ये तीन तास बसून, एक कणीस खाऊन परत येणंही झालं. तर या वेळी माझं ऐका. शनिवारी सकाळी साडेदहाला सीएसएमटीला उतरा आणि जहांगीर आर्ट गॅलरीपर्यंत चालत जा. सरळ चाललात तर अर्ध्या तासात पोचाल. पण तसं करू नका. अख्खा दिवस हाताशी ठेवा.

हेरिटेज वॉक म्हटलं की कुणीतरी छत्री उंचावून पुढे चालतं आणि आपण माना वर करून गॉथिक कमानी बघतो. तेही छानच असतं. पण मी कामाने मार्केटिंगवाली. आमच्या ऑफिसात 'फुटफॉल' नावाच्या देवाची रोज पूजा होते. त्यामुळे या रस्त्यावरून चालताना माझी नजर घुमटांवरून घसरून दुकानांच्या पाट्यांवर येते. आणि एक प्रश्न पडतो. जुनी इमारत जपायची, भिंतीवर कुणाचं तरी चित्र लावायचं, याच्यात या दुकानदारांना काय मिळतं? हौस म्हणून वर्ष-दोन वर्षं ठीक आहे, पण धंदा हौसेवर चालत नाही. हिशेब कुठेतरी जुळत असणार. तो शोधायचा तर पायी फिरायला हवं.

कमान सांगते पत्ता

सुरुवात दादाभाई नौरोजी रोडपासून. हा पूर्वीचा हॉर्नबी रोड. १८६० च्या दशकात फोर्टची तटबंदी पाडली गेली आणि इथे नवे भूखंड मोकळे झाले. १८९६ साली सरकारने एक शहाणा नियम केला. इमारत कुठल्याही शैलीत बांधा, पण तळमजल्याला सलग कमानींची पडवी हवी. म्हणून आज एक इमारत गॉथिक, शेजारची ग्रीक खांबांची, तिसरी घुमटवाली, पण तळाशी सगळ्यांनी एकमेकींचा हात धरलेला. नियमामागे नुसतं सौंदर्य नव्हतं, गिऱ्हाईकही होतं. जुलैच्या पावसात आणि मेच्या उन्हात माणूस एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दुकानं बघत जाऊ शकतो. मॉलवाल्यांनी शंभर वर्षांनी हीच आयडिया एसी लावून विकली.

पुढे काय झालं ते तुम्ही कुठल्याही बाजारात बघता. कमानींवर पाट्या चढल्या, पाट्यांवर ग्लोसाइन, मागे एसीचे डबे. कोरीव दगड पत्र्याखाली गेला. १९९५ मध्ये मुंबईला वारसा इमारतींसाठी नियमावली मिळाली. त्यानंतर काही वर्षांतच आभा नारायण लांबा या वास्तुरचनाकारांनी या रस्त्याचा अभ्यास करून दुकानांसाठी साधे नियम सुचवले. पाटी कमानीच्या आत बसवा, खांब झाकू नका, कोरीव कामावर खिळे ठोकू नका. आणि गंमत म्हणजे दुकानदारांनी ऐकलं! स्वतःच्या खिशातून खर्च करून पाट्या बदलल्या, आपली एक संघटना उभी केली. २००४ मध्ये युनेस्कोच्या आशिया-पॅसिफिक वारसा पुरस्कारांनी या रस्त्याची दखल घेतली.

बाबांच्या जुन्या एचएमटीला पट्टा घालायचा म्हणून मी इथल्या एका घड्याळवाल्याकडे गेले होते. दुकान जेमतेम दीड माणसाचं. पाटी कमानीत नीट बसवलेली, वहीएवढी.

'काका, पाटी एवढी लहान कशी?' मी विचारलं.

'तुला दिसली ना?' डोळ्यावरचं भिंग न काढता ते म्हणाले.

'दिसली.'

'मग झालं तर. आधी मोठी होती. शेजाऱ्याची त्याहून मोठी. त्याच्या शेजाऱ्याची लायटिंगवाली. गिऱ्हाईक समोर उभं राहून फोन करायचं, दुकान सापडत नाही म्हणून. आता कमान सांगतो. बँकेनंतर तिसरी कमान. कुणी चुकत नाही.'

मार्केटिंगच्या पुस्तकात याला मोठमोठी नावं आहेत. काकांनी चार वाक्यांत उरकलं. सगळेच ओरडायला लागले की कुणाचंच ऐकू येत नाही. पण इथे एक मेख आहे. एकट्या काकांनी पाटी लहान केली असती तर ते शेजाऱ्याच्या लायटिंगमागे गडप झाले असते. सगळ्यांनी एकदम केली म्हणून सगळे दिसले. म्हणजे दगड जपण्याचा फायदा होतो, पण तो एकट्याला होत नाही, रस्त्याला होतो. आणि रस्ता सगळ्यांचा. त्यामुळे एखाद्याने मध्येच कच खाल्ली की घडी पुन्हा विस्कटते. आजही चालताना मधूनच एखाद्या कमानीवर फ्लेक्स आलेला दिसतो, तो त्याचाच पुरावा.

पुस्तकांना उंच छत लागतं

हुतात्मा चौकात फ्लोरा फाउंटनपाशी थोडं थांबा. १८६४ चं हे कारंजं दुरुस्त होऊन २०१९ मध्ये पुन्हा वाहू लागलं. समोरच्या सोमय्या भवनात 'किताबखाना' आहे. २०११ मध्ये हे दुकान सुरू झालं तेव्हा लोक म्हणत होते, पुस्तकाचं दुकान? आणि तेही फोर्टमध्ये? पुस्तकं तर घरबसल्या सवलतीत मिळतात! खरंय. पण उंच छत, जुने खांब, लाकडी कपाटं आणि मध्ये बसून वाचायची मुभा घरपोच मिळत नाही. दुरुस्त केलेली जुनी इमारत हाच इथला निम्मा माल आहे. लोक ती बघायला आत शिरतात आणि पुस्तक घेऊन बाहेर पडतात. (माझा आजवरचा रेकॉर्ड: 'फक्त बघूया' म्हणून शिरून तीन पुस्तकं.) डिसेंबर २०२० मध्ये इथे आग लागली. २०२१ च्या मार्चमध्ये दुकान पुन्हा उघडलं.

आणि न जपलं तर?

महात्मा गांधी रोडने काळा घोड्याकडे निघालात की उजव्या हाताला एक भलाथोरला सांगाडा लागतो. एस्प्लनेड मॅन्शन. एकेकाळचं वॉटसन्स हॉटेल. ओतीव लोखंडाचे भाग इंग्लंडहून आणून १८६० च्या दशकात उभी केलेली ही इमारत. ७ जुलै १८९६ ला ल्युमिएर बंधूंचे चलतचित्रपट भारतात पहिल्यांदा दाखवले गेले ते इथेच. याहून मोठा ब्रँड कुठला हवा?

पण हॉटेल गेलं, आत छोट्या-छोट्या खोल्या पडल्या. वर वकिलांची ऑफिसं, खाली दुकानं. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने जुनी भाडी गोठलेली. मालक म्हणणार, एवढ्याशा भाड्यात दुरुस्ती कशी करू? भाडेकरू म्हणणार, दुसऱ्याच्या घराला मी का पैसे लावू? दोघंही आपापल्या जागी बरोबर, आणि इमारत मात्र खचत गेली. वर्ल्ड मॉन्युमेंट्स फंडाने २००६ च्या धोक्यातल्या शंभर वास्तूंच्या यादीत तिचं नाव घातलं. २०१९ मध्ये ती रिकामी करावी लागली. तिच्यासोबत कितीतरी जणांचा पत्ता गेला. वकिलाचा पत्ता गेला की अशीलही वाट चुकतं.

दोन पावलांवर याच्या नेमकं उलटं चित्र. १८७० चं डेव्हिड ससून वाचनालय. काही उद्योगांच्या आणि संस्थांच्या मदतीने दुरुस्त होऊन २०२३ मध्ये ते पुन्हा झळाळलं. मागच्या गल्लीतलं १८८४ चं केनेसेथ एलियाहू सिनेगॉग जेएसडब्ल्यू फाउंडेशन आणि वर्ल्ड मॉन्युमेंट्स फंडाच्या मदतीने २०१९ मध्ये सावरलं गेलं. दोन्ही वास्तू ससून कुटुंबाच्या देणगीतल्या. कापूस आणि अफूच्या व्यापारातून आलेला पैसा, हेही विसरायचं नाही. दान करणाऱ्याचं नाव इमारतीवर राहतं, पैसा कुठून आला ते पाटीवर लिहिलेलं नसतं. ही सोयसुद्धा जुनीच.

फ्रेमवाल्याची गोष्ट

या सगळ्या फेरफटक्यात मला सर्वांत आवडते ती एका फ्रेमवाल्याची गोष्ट. केकू गांधींनी १९४१ मध्ये तसबिरींच्या चौकटी बनवायचा धंदा सुरू केला. नाव केमोल्ड. युद्धाचे दिवस. हिटलरच्या तावडीतून निसटलेले काही युरोपीय कलाप्रेमी तेव्हा मुंबईत होते. वॉल्टर लँगहॅमर 'टाइम्स'मध्ये कला विभाग बघत, रुडॉल्फ फॉन लायडन चित्रांवर लिहीत, इमॅन्युएल श्लेसिंगर चित्रं विकत घेत. त्यांच्याभोवती तरुण चित्रकार गोळा झाले. १९४७ मध्ये सूझा, रझा, हुसेन, आरा, बाकरे आणि गाडे यांनी प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप काढला. टॅलेंट भरपूर, खिसा रिकामा. चित्रं लावायला जागा नाही.

जागा होती फ्रेमवाल्याकडे! प्रिन्सेस स्ट्रीटवरच्या शोरूममध्ये फ्रेम दाखवायला आत काहीतरी लागतंच. केकूंनी या मंडळींची चित्रं लावायला सुरुवात केली. आता धंद्याच्या नजरेने बघा. रिकामी चौकट म्हणजे लाकडाच्या चार पट्ट्या. तिच्यात आराचं चित्र बसलं की माणूस थबकतो. चित्र घेतलं तर चौकटीसकट घेतो. नाही घेतलं तरी घरी आजोबांचा फोटो आहे, त्याला तशी फ्रेम हवी असं त्याला वाटतं. चित्रकाराला भिंत मिळाली, फ्रेमवाल्याला गिऱ्हाईक. उपकार कुणीच कुणावर केले नाहीत.

तोवर सर कावसजी जहांगीर यांच्या देणगीतून जहांगीर आर्ट गॅलरी उभी राहिली होती. तिचं उद्घाटन १९५२ चं. १९६३ मध्ये केकू आणि खोर्शेद गांधी यांनी तिच्या पहिल्या मजल्यावर गॅलरी केमोल्ड थाटली. फ्रेमच्या धंद्याचा आधार होता म्हणूनच गॅलरीला दम धरता आला, कारण तेव्हा आधुनिक चित्रं विकून घर चालणं कठीण होतं. २००७ मध्ये गॅलरी फोर्टमध्येच प्रेस्कॉट रोडवर मोठ्या जागेत गेली. आज प्रोग्रेसिव्हांच्या एकेका चित्राची लिलावात कोटींत बोली लागते. सुरुवात मात्र दुकानाच्या काचेतून झाली होती.

चहाचं बिल कोण भरतं?

पण थांबा, सगळ्याच गोष्टी अशा गोड संपत नाहीत. जहांगीरच्या तळमजल्यावर १९६४ मध्ये उषा खन्ना यांनी 'समोवार' सुरू केलं. लांबुळकं, चिंचोळं, एका बाजूला म्युझियमची हिरवळ. खिमा पराठा आणि पुदिन्याचा चहा. चित्रकार, नाटकवाले, कॉलेजातली जोडपी, सगळे तासन्‌तास बसत आणि कुणी 'उठा' म्हणत नसे. एक कप चहावर अडवलेलं टेबल कागदावर तोट्याचंच. पण त्याच टेबलावर कोण बसतं हे बघायला अख्खी मुंबई येई. जाहिरातीवर पैसा न घालवता पन्नास वर्षं गर्दी! आणि शेवटी? जागा गॅलरीची. ती परत द्यावी लागली आणि ३१ मार्च २०१५ ला समोवार बंद झालं.

चौकातलं 'वेसाइड इन' तर त्याच्याही आधी गेलं. अरुण कोलटकर तिथे वर्षानुवर्षं बसत, खिडकीतून चौक न्याहाळत. त्यातून त्यांचा 'काला घोडा पोएम्स' हा इंग्रजी संग्रह आला, २००४ मध्ये. त्याच वर्षी कोलटकर गेले. एका रेस्टॉरंटने कवीला खुर्ची दिली आणि त्याच्या चौकाचं नाव जगभरच्या पुस्तकांच्या दुकानांत गेलं. खुर्चीचं भाडं मात्र त्यातून निघालं नाही.

'ऱ्हिदम हाऊस' आठवतंय? चाळीसच्या दशकापासून गाण्यांचं दुकान. बूथमध्ये उभं राहून रेकॉर्ड ऐका, मग घ्या. फुकट डाउनलोडच्या जमान्यात ते परवडेना. फेब्रुवारी २०१६ च्या अखेरीस शटर खाली आलं. जागा नीरव मोदीच्या कंपनीने घेतली, मग तपास यंत्रणांनी जप्त केली आणि २०२४ मध्ये दिवाळखोरी प्रक्रियेतून सुमारे ४८ कोटींना तिच्या विक्रीचा व्यवहार ठरला. गाणी विकून जे जमलं नाही ते पत्त्याने करून दाखवलं!

शेजारच्या 'चेतना'ची गोष्ट त्यामानाने शहाणी. १९४६ साली सुरू झालेली ही जागा. इथे थाळीच्या जोडीला पुस्तकं होती, आणि चेतनाने स्वतः पुस्तकं छापलीही. खेतवाडीत विड्यांचं दुकान चालवणाऱ्या निसर्गदत्त महाराजांची मराठी निरूपणं मॉरिस फ्रीडमननी इंग्रजीत आणली, ती १९७३ मध्ये 'आय अॅम दॅट' या नावाने चेतनानेच प्रसिद्ध केली. आज ते पुस्तक जगभर वाचलं जातं आणि प्रत्येक वाचकाच्या नजरेला चेतना हे नाव पडतं. थाळीवाल्याला अशी जाहिरात कुठली एजन्सी करून देईल? मी तरी अजून पिचलेली नाही.

घोडा परत आला

आता काळा घोडा. मूळचा पुतळा सातव्या एडवर्डचा, तो युवराज असतानाचा, आल्बर्ट ससून यांनी दिलेला. १९६५ मध्ये तो इथून हलवून भायखळ्याला राणीच्या बागेत नेला. घोडा गेला तरी नाव राहिलं. १९९८ मध्ये इथल्या गॅलऱ्या, दुकानदार, संस्था आणि रहिवासी यांनी मिळून काळा घोडा असोसिएशन स्थापन केली आणि १९९९ पासून कला महोत्सव सुरू झाला. नऊ दिवस, सगळं फुकट. स्पॉन्सर आणि स्टॉल यांच्यातून उभ्या राहणाऱ्या पैशाचा एक भाग परिसराच्या दुरुस्तीला जातो. बाजारगेट स्ट्रीटवरचा १८८२ चा वाडिया क्लॉक टॉवर असाच सावरला गेला. २०१७ मध्ये चौकात नवा काळा घोडाही आला. या वेळी स्वार नाही.

महोत्सवात कॅफेवाल्यांची चांदी होते, हे कुणीही सांगेल. पण रस्ते बंद झाल्यावर कागदाचे रीम विकणाऱ्याचा टेम्पो आत येऊ शकत नाही, त्याचं काय? त्याचे नऊ दिवस वाया जातात. तरी तो कुरकुरत का होईना सोबत राहतो, कारण त्याच महोत्सवाच्या नावावर उरलेले साडेतीनशे दिवस रस्ता उजळ राहतो. या कुरकुरणाऱ्या माणसाला सांभाळणं हे महोत्सवातल्या कुठल्याही इन्स्टॉलेशनपेक्षा कठीण काम आहे.

२०१३ च्या कंपनी कायद्यानंतर मोठ्या कंपन्यांना नफ्यातले दोन टक्के समाजकार्यावर खर्च करावे लागतात. त्या यादीत वारसा वास्तूंची दुरुस्ती आणि कलाही बसते. त्यामुळे मोठा पैसा आला, आणि चांगलं झालं. पण कमानीखालच्या घड्याळवाल्याला हा कायदा लागू नाही. तो पाटी लहान ठेवतो, खांबाला खिळा मारत नाही, ते रोजच्या गल्ल्यातून. त्याची ही उमेद त्याचा गाळा टिकेपर्यंतच. गल्ली देखणी झाली की भाव वाढतो, भाव वाढला की आधी हलतो तो भाडेकरू, आणि ज्याच्या जिवावर गल्ली देखणी झाली तो बऱ्याचदा भाडेकरूच असतो. समोवारने आपल्याला हे दाखवलंय.

त्याची भाडेपट्टी आपण लिहू शकत नाही. पण आपण गिऱ्हाईक तर आहोत! या परिसरात बघायला कुठे फारसं तिकीट नाही, म्हणून सगळे फोटो काढतात आणि कॉफी प्यायला स्टेशनसमोरच्या चेनमध्ये जातात. तसं करू नका. घोड्यासमोर सेल्फी झाला की कमानीखालच्या एखाद्या जुन्या दुकानात शिरा आणि काहीतरी विकत घ्या. घड्याळाचा पट्टा, नाहीतर आजोबांच्या फोटोला चांगली फ्रेम. पक्कं बिल मागा आणि त्यावरचा पत्ता मोठ्याने वाचा. त्या पत्त्यासाठीच त्याने एवढं सगळं केलेलं असतं.

टिप्स

जायचं कसं: सीएसएमटी किंवा चर्चगेट. मेट्रो-३ चं हुतात्मा चौक स्टेशन २०२५ मध्ये सुरू झालंय, त्यामुळे घामाघूम न होताही पोचता येतं.

केव्हा: शनिवारी सकाळी. रविवारी डीएन रोडवरची बरीच दुकानं बंद असतात, पण इमारती बघायला तोच दिवस उत्तम.

जहांगीर आर्ट गॅलरी: सकाळी ११ ते संध्याकाळी ७, प्रवेश मोफत. बाहेरच्या फुटपाथवर बसणाऱ्या चित्रकारांकडूनही चित्र घेता येतं.

महोत्सव: साधारणपणे जानेवारीअखेर ते फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यात. गर्दी नको असेल तर वीकडेला, ऑफिसातून थोडं लवकर सटकून जा. बॉसला काय सांगायचं ते तुमचं तुम्ही बघा!